तापाची रजा : विद्यापीठाच्या आवारात साथीच्या इन्फ्लुएन्झास आळा घालण्याविषयी

(रुग्णालयाच्या आरोग्य-प्रबोधन उपक्रमांतर्गत विद्यापीठातील अध्यापक, शिक्षकेतर कर्मचारी व वसतिगृह-प्रतिनिधी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. आमचे देणगीदार, विश्वस्त मंडळ आणि रुग्णांचे नातेवाईक यांनाही तो उपयुक्त वाटेल, या विश्वासाने येथे देत आहोत.)



रुग्णालयातील माणसांची आणि आपली गाठ पडते ती बहुधा आजार जडल्यानंतर. आजारापूर्वी, सर्वजण धडधाकट असताना, आपल्याच आवारात येऊन बोलण्याचा योग क्वचित येतो. तो आज आपण घडवून आणलात, याबद्दल आम्ही कुलसचिव कार्यालयाचे मनःपूर्वक आभारी आहोत. आजचा विषय इन्फ्लुएन्झा, म्हणजे ज्याला आपण रोजच्या बोलण्यात फ्लू म्हणतो तो ताप. आणि त्याची साथ जगभर पसरते तेव्हा विद्यापीठासारख्या मोठ्या कार्यस्थळाने काय करावे, हा प्रश्न.

पुणेकरांना या विषयाची ओळख नव्याने करून द्यावी लागू नये. एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको व अमेरिकेत एच१एन१ या विषाणूचा एक नवा प्रकार आढळला. ११ जून २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ती महासाथ असल्याचे जाहीर केले आणि ३ ऑगस्ट रोजी या आजाराने भारतातील पहिला बळी घेतला, तो आपल्याच पुण्यात. ती अवघ्या १४ वर्षांची शाळकरी मुलगी होती. पुढचे दोन आठवडे या शहराने जे पाहिले ते अनेकांच्या स्मरणात असेल. शाळा-महाविद्यालये बंद, रस्त्यांवर तोंडाला रुमाल बांधलेली माणसे, औषधाच्या दुकानांत मास्कचा तुटवडा आणि डॉ. नायडू सांसर्गिक रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी लागलेल्या लांबच लांब रांगा. कापूर आणि वेलची रुमालात बांधून हुंगावी, असा सल्ला मोबाइलवरून घरोघर पोहोचला होता. त्या पुरचुंडीने कोणाचे नुकसान झाले नसेल. पण ती खिशात आहे म्हणून गर्दीत निर्धास्त वावरणाऱ्यांचे झाले असण्याची शक्यता आम्हांला नाकारता येत नाही. त्या रांगांविषयी तर अधिक सांगायला हवे. साधे पडसे झालेला, नुसता घाबरलेला आणि खरोखर फ्लू झालेला, असे तिघेही त्या रांगांत तासन्‌तास एकमेकांच्या मानेवर श्वास सोडत उभे होते.

ती महासाथ संपल्याचे १० ऑगस्ट २०१० रोजी जाहीर झाले. विषाणू मात्र कोठेही गेला नाही. तो आता दरवर्षीच्या मोसमी फ्लूचाच एक भाग झाला आहे. २०१५ साली त्याने देशात ४२ हजारांहून अधिक लोकांना गाठल्याची नोंद झाली आणि सुमारे ३ हजार मृत्यू झाले. ज्याला आपण ‘स्वाइन फ्लू’ म्हणून ओळखतो, तो डुकराचे मांस खाल्ल्याने होत नाही, हे येथे एकदा सांगून टाकतो. अजूनही बाह्यरुग्ण विभागात तसा प्रश्न येतो.

फ्लूची महासाथ वारंवार का येते, याचे उत्तर विषाणूच्या स्वभावात आहे. तो आपले बाह्यरूप सतत थोडेथोडे बदलतो, म्हणून गेल्या वर्षीची प्रतिकारशक्ती यंदा अपुरी पडते. काही दशकांतून एकदा पक्षी, डुकरे व माणूस यांच्यातील विषाणूंची सरमिसळ होऊन असे रूप जन्मते, की ज्याची ओळख जगातल्या बहुसंख्य माणसांच्या शरीराला नसते. १९१८, १९५७, १९६८ आणि २००९ ही त्या जन्माची वर्षे. यांपैकी १९१८ ची साथ आपल्या आजी-पणजीच्या तोंडी ‘मानमोडी’ या नावाने दीर्घकाळ राहिली. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात तिचा शिरकाव झाला, सप्टेंबरमध्ये ती अधिक उग्र रूपात परतली आणि आगगाडीच्या रुळांवरून देशभर गेली. एकट्या हिंदुस्थानातील मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. १९११ ते १९२१ हे जनगणनेच्या इतिहासातील असे एकमेव दशक आहे, ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. तेव्हा ‘फ्लू म्हणजे काय, तीन दिवसांचा ताप’ असे म्हणताना आपण किंचित थांबावे, एवढीच आमची विनंती.

आता एक हिशेब मांडतो. गणित विभागातील मंडळी आमच्या ढोबळपणाला क्षमा करतील. २००९ च्या विषाणूविषयी जे अभ्यास झाले, त्यांतून एक रुग्ण सरासरी सुमारे दीड नव्या माणसाला आजार देतो, असे अनुमान निघाले. एका पिढीपासून दुसऱ्या पिढीपर्यंत जाण्यास या आजाराला साधारण तीन दिवस पुरतात. म्हणजे आज दहा रुग्ण असतील तर तीन दिवसांनी नवे पंधरा, सहा दिवसांनी आणखी बावीस-तेवीस, आणि कोणीच काही केले नाही तर महिनाअखेरीस तीन-तीन दिवसांच्या एकेका टप्प्यात पावणेसहाशेच्या घरात. परंतु याच हिशेबाची दुसरी बाजू फार आशादायक आहे. दीडातून अर्धा वजा केला की एक उरतो. संसर्गाच्या तीन संधींपैकी एक जरी आपण हुकवली, तरी दहाचे दहाच राहतात. एकाहून थोडी अधिक हुकवली, तर साथ आपोआप ओसरू लागते. फ्लू थोपवण्यासाठी आवार लोखंडी दरवाजांनी बंद करावे लागत नाही.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. २०२० मध्ये कोविडसाठी सर्व जगाने मास्क लावले, अंतर राखले, आजारी माणसे घरी थांबली. कोविडचा विषाणू अधिक वेगाने पसरणारा. सुरुवातीच्या काळात एक रुग्ण सरासरी अडीच-तीन जणांना बाधित करीत होता, म्हणून एवढे करूनही तो पुरता थांबला नाही. पण त्याच उपायांखाली फ्लू जवळजवळ नाहीसा झाला. २०२०-२१ मध्ये जगभर त्याचे प्रमाण कधी नव्हे इतके खाली गेले, आणि ‘बी’ गटातील यामागाता नावाचा एक प्रकार तर मार्च २०२० नंतर खात्रीशीरपणे कोठे आढळलेलाच नाही. त्यामुळे फ्लूच्या लसीत पूर्वी त्या प्रकारासाठी असलेला चौथा घटक आता अनावश्यक ठरला आहे.

विद्यापीठाच्या आवारात या संधी कोठे असतात? आम्ही आपल्या इमारतींतून फिरून पाहिले. फ्लूचा रुग्ण खोकतो, शिंकतो, बोलतो तेव्हा बाहेर पडणारे तुषार मुख्यतः एक-दोन मीटर अंतरात खाली बसतात. त्यांतले अतिसूक्ष्म कण बंद खोलीच्या हवेत अधिक काळ तरंगत राहतात. म्हणून धोक्याची जागा ओळखण्याची खूण सोपी आहे. किती माणसे, किती वेळ, किती जवळ आणि खिडकी उघडी की बंद, एवढे चार प्रश्न विचारावेत. या कसोटीवर मोकळ्या बागेतील गर्दी फारशी चिंतेची ठरत नाही, प्रवेश-अर्जांची खिडकीही मध्यम ठरते. पहिला क्रमांक लागतो तो उत्तरपत्रिका तपासणी केंद्राचा. वातानुकूलन चालू म्हणून खिडक्या बंद, एका टेबलाशी चार-चार परीक्षक, सकाळी दहापासून सायंकाळपर्यंत बैठक, आणि ठरलेल्या दिवसांत काम उरकण्याची सक्ती असल्याने ताप असला तरी कोणी घरी थांबत नाही.

या ठिकाणी अनेकांना उत्तरपत्रिकांच्या कागदाचीच भीती वाटते, असे आमच्या कानी आले. ती भीती अवाजवी आहे. धातू वा प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर फ्लूचा विषाणू २४ ते ४८ तास तग धरू शकतो. कागद व कापड यांवर मात्र तो काही तासांतच क्षीण होतो. गठ्ठे एक रात्र ठेवून उघडले तरी पुरे. पण पाने उलटताना बोट जिभेला लावण्याची आपली जुनी सवय तेवढी सोडावी. वित्त विभागातही नोटा मोजताना ती आम्ही पाहिली. साधा ओला स्पंज हे काम अधिक चांगले करतो. तपासणी केंद्रात खिडक्या अर्ध्या उघड्या ठेवणे आणि टेबलाशी चारऐवजी दोघे बसवणे, हे उपाय कागदाच्या निर्जंतुकीकरणापेक्षा कितीतरी गुणकारी आहेत. दोघे बसवायचे तर दुप्पट खोल्या लागतील, हे आम्ही जाणतो. साथीच्या दोन महिन्यांत रिकामी व्याख्यानगृहे त्यासाठी द्यावीत.

हात धुण्याविषयी फार बोलत नाही. कोविडच्या काळात ते सर्वांना पाठ झाले आहे. साबण आणि पाणी, वीस सेकंद. मात्र परवा आम्ही आपल्या तीन इमारतींत गेलो तेव्हा नळ सर्वत्र होते आणि साबण एकाही ठिकाणी नव्हता. पिण्याच्या पाण्याच्या टाकीशी साखळीने बांधलेला एकच पेला अजून आहे. तो सोडवावा.

आता ज्या मुद्द्यासाठी आम्ही आजचे व्याख्यान मुळात मागून घेतले, त्याकडे वळतो.

फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासून संसर्गकारक असतो आणि पुढे पाच ते सात दिवस तसा राहतो. त्यातही पहिले तीन-चार दिवस सर्वाधिक. आधीचा एक दिवस आपल्या हाती नाही. प्रवेशद्वारावर ताप मोजणारी पिस्तुले घेऊन रक्षक उभे केले तरी तो दिवस पकडता येत नाही, आणि घरून पॅरासिटामॉल घेऊन निघालेला माणूसही त्यातून सहज पार होतो. नंतरचे दिवस मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहेत. ज्याला ताप व खोकला आहे त्याने घरी राहावे, आणि तापाचे औषध न घेता पूर्ण २४ तास ताप आला नाही, तरच कामावर यावे. संसर्गाच्या तीनपैकी एक संधी हुकवायची म्हणालो, ती जवळपास एवढ्याने हुकते. मास्क, साबण, खिडक्या ही त्यावरची जोड.

मग माणसे घरी का राहत नाहीत? आम्ही हा प्रश्न बाह्यरुग्ण विभागात अनेकांना विचारतो आणि उत्तर हुद्द्यानुसार बदलते. प्राध्यापक म्हणतात, अभ्यासक्रम पुरा व्हायचा आहे. कक्ष अधिकारी म्हणतात, फाइल अडून राहील. विद्यार्थी म्हणतात, हजेरी ७५ टक्क्यांखाली जाईल. ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम करणारा मुलगा म्हणतो, तास बुडाले तर महिन्याच्या मेसचे पैसे कोठून भरू? आणि सुरक्षा रक्षक, सफाई कामगार, खानावळीतील बायका काहीच म्हणत नाहीत, कारण त्या विभागात त्या येतातच मुळी चौथ्या-पाचव्या दिवशी, धाप लागल्यावर.

२०१५ च्या साथीत आमच्याकडे असे एक कुटुंब आले. एका शिक्षणसंस्थेच्या वसतिगृहातील खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या या बाई. दोनशे मुलांच्या पोळ्या, दोन्ही वेळच्या. ताप आल्यावर त्या चार दिवस कामावर गेल्या, कारण खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे कापले जात आणि सलग तीन खाडे झाले की ठेकेदार दुसरी बाई पाहत असे. त्या स्वतः बऱ्या झाल्या. परंतु घरी सात महिन्यांची गरोदर सून होती. गरोदरपणात फ्लू फुफ्फुसांत लवकर उतरतो. २००९ पासून हे वारंवार दिसून आले आहे. सून सोळा दिवस अतिदक्षता विभागात होती, त्यांतले नऊ दिवस कृत्रिम श्वासोच्छ्वासावर. ती वाचली, बाळही वाचले. उपचारांचा खर्च निर्धन रुग्ण निधीतून व देणगीदारांच्या साहाय्यातून भागवला. त्या सोळा दिवसांत सासूबाई रोज आमच्या दारात बसून एकच वाक्य बोलत, ‘माझ्यामुळं झालं.’ आम्हांला ते मान्य नव्हते आणि आजही नाही. चार दिवसांची मजुरी त्यांच्या हाती पडती, तर त्या घरी निजून राहिल्या असत्या. जे दोनशे विद्यार्थी रोज त्यांच्या हातचे जेवत होते, त्यांच्याही हिताचे तेच होते.

आपल्या शहराला याचा एक जुना धडा आहे. १८९७ च्या प्लेगात पुण्यात गोऱ्या सैनिकांकरवी घरांच्या झडत्या झाल्या, रुग्णांना बळाने छावण्यांत नेले गेले. परिणामी लोक आजारी माणूस माळ्यावर, धान्याच्या कोठारांत लपवू लागले आणि लपलेला प्लेग अधिक पसरला. रँडचा खून आणि त्यानंतरचे सारे आपण जाणता. त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी आपले डॉक्टर पुत्र यशवंतराव यांच्यासमवेत रुग्णसेवा केली आणि त्याच आजाराने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. पुण्याच्या विद्यापीठाने २०१४ मध्ये त्यांचे नाव धारण केले आहे. एकाच शहरात, एकाच साथीत, आजारी माणसाकडे जाण्याच्या या दोन तऱ्हा होत्या. आजार उघड करणाऱ्याला शिक्षा होत असेल तर तो आजार लपवणारच. ती शिक्षा बंदुकीच्या धाकाची असो, की आजच्या काळातील खाड्याची.

म्हणून आमची विद्यापीठास लेखी विनंती अशी, की साथ जाहीर झाल्यापासून ओसरेपर्यंत ‘तापाची रजा’ या नावाने एक स्वतंत्र तरतूद असावी. ती पाच दिवसांची, पूर्ण वेतनी असावी, अर्जित वा वैद्यकीय रजेच्या खात्यातून वजा होऊ नये, आणि कायम, हंगामी, कंत्राटी व ‘कमवा आणि शिका’तील विद्यार्थी, सर्वांना सारखीच लागू असावी. ठेकेदारांशी होणाऱ्या करारातच तिचा उल्लेख असावा, म्हणजे ऐनवेळी वाद उरत नाहीत. राज्य कर्मचारी विमा योजनेखाली येणाऱ्या कामगारांना आजारपणात वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळण्याची सोय आहे, हे खरे. परंतु पाच दिवसांच्या तापासाठी दवाखाना, प्रमाणपत्र आणि कार्यालय अशा खेपा घालण्यापेक्षा माणूस ताप अंगावर काढणे पसंत करतो. सोयीची वाट अवघड असेल तर ती नसल्यासारखीच. यावर एक आक्षेप आम्हांला नेहमी ऐकावा लागतो, की लोक गैरफायदा घेतील. काहीजण घेतीलही. पण एका लबाडाच्या पाच दिवसांच्या रजेची किंमत आणि अतिदक्षता विभागातील एका खाटेची किंमत, ही दोन्ही बिले आमच्या हिशेबनिसांसमोर असतात आणि त्यांची तुलनाच होत नाही.

याच कारणास्तव, साथीच्या काळात पाच दिवसांपर्यंतच्या रजेसाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागू नये. प्रमाणपत्राची अट घालणे म्हणजे ज्याने अंथरुणात पडून राहायचे त्याला दवाखान्यातील बाकावर, मधुमेही आजोबा आणि तान्ह्या बाळांच्या शेजारी, दोन तास बसवणे होय. २००९ च्या रांगांपैकी निदान काही रांगा अशा प्रमाणपत्रांसाठीच होत्या. सौम्य आजारात प्रयोगशाळेच्या तपासणीचीही गरज नसते. त्या वर्षीच शासनाने रुग्णांचे तीन गट पाडून सौम्य गटाला तपासणीविना घरी राहण्याचा सल्ला दिला होता आणि ते वर्गीकरण योग्यच होते.

परीक्षांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पेपर बुडाला तर सहा महिने किंवा वर्ष वाया जाणार असेल, तर कोणताही विद्यार्थी १०२ ताप घेऊन परीक्षागृहात बसेल आणि त्याच्या पालकांनाही त्यात गैर वाटणार नाही. तापामुळे अनुपस्थित राहिलेल्यांसाठी पंधरवड्यात पुनर्परीक्षा होईल, हे परीक्षेच्या वेळापत्रकातच छापावे. साथ आल्यानंतर परिपत्रक काढले तर ते खेड्यातील महाविद्यालयापर्यंत पोहोचेतो परीक्षा संपलेली असते.

वसतिगृहे बंद करावीत काय, असा प्रश्न मघाशी विचारला गेला. आमचे मत प्रतिकूल आहे. वर्ग थांबवणे आणि वसतिगृह रिकामे करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बीड, नांदेड, नंदुरबारहून आलेल्या मुलांना एका दिवसात खोल्या सोडायला लावल्या, की त्यांतली आजारी मुले एसटीच्या भरलेल्या गाड्यांतून कित्येक तास प्रवास करून, जेथे डॉक्टर कमी आणि घरात वृद्ध अधिक, अशा गावी विषाणू पोहोचवतील. त्याऐवजी प्रत्येक वसतिगृहात शौचालयाला लागून असलेल्या काही खोल्या आजारी विद्यार्थ्यांसाठी राखाव्यात, डबा दाराशी ठेवावा, आणि दिवसातून दोनदा कोणीतरी, प्रत्यक्ष वा फोनवरून, ‘कसा आहेस?’ असे विचारावे. अठरा-एकोणीस वर्षांचे, घरापासून प्रथमच दूर आलेले मूल तापात किती एकटे पडते, हे अधीक्षकांना आम्ही सांगायला नको. रात्री धाप लागली तर कोणाला हाक मारायची, हे त्याला आधीच ठाऊक हवे.

घरी राहिलेल्या रुग्णाने रुग्णालयात केव्हा यावे, हे नीट ऐकावे, कारण येथे दिरंगाई जिवावर बेतते. श्वास लागणे, छातीत दुखणे, ओठ वा नखे निळसर पडणे, थुंकीतून रक्त येणे, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे, लघवी फार कमी होणे. आणि ताप उतरून बरे वाटू लागल्यावर तो पुन्हा चढून खोकला वाढणे. यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी, त्याच तासाला यावे. गरोदर स्त्रिया, पासष्टीपुढील व्यक्ती, पाच वर्षांखालील मुले आणि मधुमेह, दमा, हृदय वा मूत्रपिंडाचे विकार असलेले यांनी लक्षणे वाढण्याची वाट न पाहता पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ऑसेल्टामिविर हे औषध ४८ तासांच्या आत सुरू झाले तर सर्वाधिक लाभते. गंभीर रुग्णाला ते उशिराही देतात. ते स्वतःच्या मनाने विकत घेऊ नये. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. मुलांना तापात ॲस्पिरिन कधीही देऊ नये.

देणगीदार बंधुभगिनी हा मजकूर अहवालात वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी एक गोष्ट येथेच सांगतो. साथ आली की मदतीचे हात पुढे येतात आणि प्रत्येकाला काहीतरी ठळक द्यावेसे वाटते. रस्त्यांवर औषधाची फवारणी करणारी यंत्रे, जंतुनाशक बोगदे, प्रवेशद्वारावरील कमानी हे सारे २०२० मध्ये आपण पाहिले. फ्लू रोखण्यात त्यांचा उपयोग नाही. माणसाच्या अंगावर जंतुनाशक फवारणे तर अपायकारकच. साबणाची पेटी, नळाची दुरुस्ती, वसतिगृहात नाडीतील प्राणवायू मोजणारी लहान उपकरणे, आजारी खानावळ-सेविकेच्या पाच दिवसांची मजुरी, यांवर नामफलक लावता येत नाही हे खरे. तरीही आमच्या निधीची मागणी यंदा याच गोष्टींसाठी आहे.

शेवटी लसीविषयी. २००९ च्या विषाणूवरील भारतीय लस २०१० साली, पहिली लाट ओसरल्यावर बाजारात आली. नव्या महासाथीत असा काही महिन्यांचा खंड राहणारच, आणि तोपर्यंत वर सांगितलेले उपाय हेच आपले रक्षण. मोसमी फ्लूची लस मात्र दरवर्षी उपलब्ध असते. ती फ्लू शंभर टक्के टाळत नाही. विषाणूशी चांगली जुळली त्या वर्षी आजाराचा संभव साधारण ४० ते ६० टक्क्यांनी घटवते आणि झालाच तर तो सौम्य राहण्याची शक्यता वाढवते. विषाणू रूप बदलतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते, आणि परिणाम दिसण्यास दोन आठवडे लागतात. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात पुन्हा उचल खातो. तेव्हा मे महिना योग्य.

आमच्या विश्वस्त मंडळाने विद्यापीठाच्या आवारातील कंत्राटी कामगारांसाठी ही लस विनामूल्य देण्यास संमती दिली आहे. त्यासाठी नावांची यादी हवी आहे. यादीत ठेकेदाराकडील रक्षक, सफाई कामगार, माळी व खानावळीतील स्त्रिया सुटू नयेत. हजेरीपटावर ज्यांचे नाव नाही पण जे रोज कामावर येतात, त्यांचीही नोंद करावी. गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि दम्याचे रुग्ण यांच्या नावापुढे खूण करावी, त्यांना पहिल्या दिवशी बोलावू. अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा पूर्वी लसीने त्रास झाला असल्यास तसे लिहावे. लस २ ते ८ अंश तापमानातच ठेवावी लागत असल्याने संख्या नक्की झाल्याखेरीज मात्रा मागवता येत नाहीत. यादी एप्रिलअखेर आमच्या समाजसेवा विभागाकडे पोहोचली, तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात दोन पाळ्यांत शिबिर घेऊ. रात्रपाळीच्या रक्षकांसाठी सकाळी सातची वेळ राखून ठेवली आहे.